कोणत्या तोंडाने सांगता संस्कृती?

माजलगावात सभा कोणाचीही असो, निमित्त जयंतीचे असो की सप्ताहाच्या काल्याचे, वक्त्याचा घसा तापला की एक ठरलेला मजकूर बाहेर पडतो. पाश्चात्त्यांकडे बाई म्हणजे उपभोगाची वस्तू. तिकडे नवरे बदलतात, म्हातारे आईबाप आश्रमात टाकतात, पोरी तोकड्या कपड्यांत हिंडतात. आणि आपल्याकडे? आपल्याकडे बाई म्हणजे माता, देवी, घरची लक्ष्मी! मग मनुस्मृतीतला नारीच्या पूजेचा तो एकच श्लोक येतो, ज्याच्या अलीकडचे-पलीकडचे श्लोक वक्त्याने जन्मात वाचलेले नसतात. टाळ्या पडतात. पुढच्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्यांत कारखान्याचे संचालक असतात, दवाखान्यांचे मालक असतात, दिवाळीआधी उचल वाटून मोकळे झालेले मुकादम असतात. बायका मंडपाच्या कडेला पदर सावरून बसलेल्या असतात. त्यांतल्या कितीजणींच्या ओटीपोटावर टाक्यांचा व्रण आहे, हे त्या मंडपात कोणी विचारत नाही.

आम्ही विचारतो. आणि उत्तर सरकारच्याच तोंडून ऐकवतो. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढण्यात आल्या, आणि त्याही खासगी रुग्णालयांत. गवगवा झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींना गर्भपिशवी नव्हती. दर सहा जणींत एक! हा आकडा पॅरिसच्या नाइट क्लबातला नाही, लास व्हेगासच्या जुगारखान्यातला नाही. तो आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर, वडवणी आणि माजलगावच्या सुसंस्कृत, सप्ताहप्रेमी, मातृपूजक बीड जिल्ह्यातला आहे. जगात कोणत्या भोगवादी देशाने आपल्या कष्टकरी बायकांची अशी दशा आज चालवली आहे, ते आमच्या संस्कृतिरक्षकांनी नकाशा उघडून बोट ठेवून दाखवावे.

हे होते कसे, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ठाऊक असून न बोलण्याची आपली कला मोठी असल्यामुळे ते एकदा छापून ठेवतो. सिंदफणा अडवून जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यात माजलगावचे धरण झाले. कालव्याखाली ऊस आला, कारखाने आले, कारखान्यांभोवती पुढारी आले. वर बालाघाटाच्या डोंगरात मात्र कोरडवाहू कुसळेच राहिली. तिथला माणूस दसरा-दिवाळीला टायरगाडी जुंपतो किंवा मुकादमाच्या ट्रकमध्ये चढतो आणि सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत जातो. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा, हिशेब नवऱ्याशी. बाईचे नाव त्या वहीत नसते. तिची पाठ तेवढी असते. पहाटे अंधारात उठायचे, कोपीतली चूल पेटवायची, भाकरी थापायची, उजाडायच्या आत फडात. नवरा ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. पोट पाच महिन्यांचे असले तरी चढते. बाळंत होऊन आठवडा झाला नसला तरी चढते. रात्री दोनला गाडी भरायला आली तर रात्री दोनला चढते.

आणि पाळी आली तर? फडात पाणी नाही, आडोसा नाही, कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. कापड धुवायचे कुठे आणि वाळवायचे कुठे? एक दिवस कामावर गेले नाही की खाडा. खाडा म्हणजे नुसती मजुरी बुडत नाही, वर दंड बसतो, पाचशे, कधी हजार, आणि तो उचलीत चढतो. जी बाई दिवसाकाठी तेवढे मिळवत नाही, तिला एका दिवसाच्या दुखण्याचा हा भाव! मग अंगावरून पांढरे जाणे सुरू होते, ओटीपोट दुखते, ताप येतो. ती पाडव्याला गावी परतते आणि आपल्या गावच्या सुशिक्षित, उच्चभ्रू, बहुधा लायन्स-रोटरीच्या बिल्ल्याने मंडित डॉक्टरसाहेबांपुढे जाऊन बसते. साहेब सोनोग्राफी करतात आणि सांगतात, पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, काढून टाका. दोन पोरे झालीत ना? मग ठेवून काय करायची? ज्या जंतुसंसर्गाला गोळ्यांचा एक कोर्स पुरला असता, त्याला सुरी. खर्चासाठी पुन्हा मुकादमाकडून उचल, आणि ती फेडायला पुन्हा फड. पिशवी काढून महिना होत नाही तोच कंबरेला फडके बांधून ती मोळी उचलायला उभी. तिशीत पाळी गेलेली, हाडे ठिसूळ, गुडघे गेलेले, झोप गेलेली, आणि वर घरचेच म्हणतात, बरे झाले, कटकट मिटली.

यात पापी कोण? मुकादम म्हणतो, मी कारखान्याचा पैसा वाटतो. कारखाना म्हणतो, हे कामगार आमचे नव्हेतच, मुकादमाचे आहेत. डॉक्टर म्हणतो, बाई स्वतःच मागायला आली. नवरा म्हणतो, डॉक्टरने सांगितले. सरकार म्हणते, समिती नेमली आहे. वा रे न्याय! तेरा हजार आठशे एकसष्ट गर्भपिशव्या आपल्या पायांनी चालत जाऊन बादलीत पडल्या काय? २०१९ नंतर नियम झाला की खासगी रुग्णालयाने गर्भपिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी. नियम चांगला आहे. पण आधीच्यांचे काय? कोणाची सनद गेली? कोणते ऑपरेशन थिएटर सील झाले? कोणत्या बाईला भरपाई मिळाली? नावे सांगा, आम्ही पहिल्या पानावर छापतो.

आता लेकींकडे वळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. साऱ्या महाराष्ट्राचा आकडा २१.९. म्हणजे जे राज्यात घडते त्याच्या दुप्पट आम्ही घडवतो! याला कारण सांगतात ते ऐका. एक, लग्न झाले की नवा कोयता तयार होतो, जोडीला उचल मिळते. आणि दुसरे, आईबाप सहा महिने फडात गेले की वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? हे दुसरे कारण आम्हाला बाप लोकांनी डोळे पुसत सांगितले आहे. म्हणून त्यांना दोष देण्याआधी आम्ही गावाला विचारतो. ज्या संस्कृतीत परस्त्री मातेसमान, त्या संस्कृतीच्या गावात बापाला पोर एकटी ठेवायची धास्ती का वाटते? गावात फ्रान्सचे लोक राहतात काय? शिरसाळ्यात, तेलगावात, गढीच्या फाट्यावर अमेरिकेची पलटण उतरली आहे काय? ज्यांच्या भीतीने तेराव्या वर्षी पोरीच्या गळ्यात मंगळसूत्र बांधावे लागते ते याच गावचे आहेत, तुमच्याआमच्यातले आहेत, आणि त्यांतले काही त्याच मंडपात संस्कृतीच्या नावाने टाळ्या वाजवतात.

आणि ज्या जन्मल्याच नाहीत त्यांची गोष्ट तर बीडच्या कपाळावर गोंदलेली आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७. महाराष्ट्रात सर्वांत कमी! मे २०१२ मध्ये परळीत डॉ. सुदाम मुंडे याच्या रुग्णालयात गर्भपात करताना एक बाई दगावली, तेव्हा जगाला कळले की वैजनाथाच्या दारात काय चालले होते. जिल्हाभरातून, परजिल्ह्यांतून लोक तिथे येत, ते काही डोळे बांधून आणलेले नव्हते. चांगले शिकलेले, मोटारीतून उतरणारे, कपाळाला गंध लावलेले लोक होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंडे आणि त्याच्या पत्नीला दहा वर्षांची शिक्षा झाली. तो जामिनावर सुटला आणि त्याने पुन्हा दवाखाना थाटला. २०२० मध्ये पुन्हा पकडला गेला. परवाना नसलेल्या, शिक्षा झालेल्या माणसाच्या दारात पुन्हा रुग्ण कोणी नेले? तेही पाश्चात्त्यांनीच, असे म्हणून टाका एकदा!

माजलगाव तालुक्यातच गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. धोंड्याच्या महिन्यात तिथे माणसांचा पूर लोटतो आणि घरोघरी जावयाला लक्ष्मीनारायणाच्या जोडीतला नारायण मानून वाण दिले जाते. चांदीची निरांजने, तेहतीस अनारसे, भारी पोशाख, ऐपत नसेल तर कर्ज. आमचा देवाशी वाद नाही. पण या जिल्ह्यातल्या नारायणांनी आपापल्या लक्ष्म्यांच्या पोटावरचे व्रण एकदा मोजावे आणि मग अनारशाला हात लावावा.

अग्रलेख लिहिणाऱ्या आमच्या जातीलाही या हिशेबातून सूट नाही. हा 'पाश्चात्त्य विरुद्ध आपण' नावाचा तमाशा मराठी वर्तमानपत्रांनीच उभा केला आहे. १८८४ मध्ये दादाजी भिकाजीने आपल्या बायकोवर, रखमाबाईवर, नांदायला येण्यासाठी दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न लागलेली, नांदायला कधी न गेलेली ही मुलगी म्हणाली, ज्या लग्नाला मी संमती दिली नाही तिथे मी जाणार नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितले, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. धर्म बुडाला, गोऱ्यांच्या शिक्षणाने पोरी बिघडल्या, म्हणून पुण्यात केवढी ओरड झाली! 'केसरी'ही त्या ओरडीत होता.

यातली मौज आजवर फार थोड्यांनी सांगितली आहे. बायकोला कोर्टाच्या हुकुमाने नांदायला ओढून आणण्याचा तो दावा हिंदू धर्मशास्त्रात नव्हताच! तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता. पिन्हे यांनीही तेच म्हटले होते. आणि खुद्द इंग्लंडने या दाव्यातली तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती. म्हणजे इंग्रजाने लाजून फेकलेली बेडी आमच्या धर्मरक्षकांनी उचलली, शेंदूर फासला आणि हीच आमची सनातन संस्कृती म्हणून छातीशी धरली! पुढे १९७० मध्ये इंग्लंडने तो दावाच कायद्यातून पुसला. आमच्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो अजून बसलेला आहे. पाश्चात्त्यांची नक्कल नको म्हणणाऱ्यांनी निदान हे कलम तरी त्यांना परत पाठवावे.

दुसरे उदाहरण तर संपादकांच्या जिव्हारी लागावे असे आहे. १८८५ मध्ये लंडनमधल्या 'पॉल मॉल गॅझेट'चा संपादक विल्यम स्टेड याने कोवळ्या पोरींची खरेदी-विक्री किती सोपी आहे हे दाखवायला स्वतः एक तेरा वर्षांची मुलगी पैसे मोजून विकत घेतली आणि ते छापले. लंडन हादरले. त्याच वर्षी संमतीचे वय तेरावरून सोळा करणारा कायदा झाला. स्टेडच्या पद्धतीत खोट होती, मुलीला पळवल्याच्या आरोपाखाली तो तीन महिने तुरुंगातही गेला. पण त्याची लेखणी कोणत्या बाजूला होती ते पाहा. आणि सहा वर्षांनी, १८९१ मध्ये, इथे ते वय दहावरून नुसते बारा करायचे निघाले, तेव्हा मराठीतली सर्वांत जहाल, सर्वांत निर्भय लेखणी कायद्याच्या विरोधात उभी राहिली. लोकमान्यांचे म्हणणे होते की परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये. परक्या सरकारचा संताप आम्हाला समजतो. दहा वर्षांच्या पोरीचा हिशेब त्या संतापात कुठे बसतो, हे आम्हाला तेव्हाचे अंक वाचूनही समजलेले नाही. आगरकरांना ते समजत होते. म्हणून त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. टिळकांपुढे आमचे मस्तक नम्र आहे. या एका बाबतीत ते नम्र करण्याचे आम्हाला कारण दिसत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे भक्त सरसावतील. ते म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो, सगळे चांगले ते पश्चिमेकडेच. थांबा! तुमचीही झडती घ्यायची आहे.

मिसिसिपी हे अमेरिकेतले कापसाचे राज्य. तिथे फॅनी लू हेमर नावाची काळी बाई होती, वीस भावंडांतली शेंडेफळ, सहाव्या वर्षापासून गोऱ्याच्या मळ्यात कापूस वेचणारी. १९६१ मध्ये पोटातली लहानशी गाठ काढायला ती दवाखान्यात गेली. गोऱ्या डॉक्टरने तिला न विचारता, न सांगता गर्भपिशवी काढून टाकली. तिला ते कळले गावातल्या कुजबुजीतून. हे इतके सर्रास चालायचे की तिने त्याला नावच ठेवले, मिसिसिपीचे अपेंडिक्सचे ऑपरेशन. मळा, मजूर, कर्ज, काळी बाई, पांढरा कोट. वडवणीच्या बाईला ही गोष्ट सांगा, ती म्हणेल ही तर माझ्या जावेची गोष्ट. आणि जो देश हे करत होता तो तेव्हा साऱ्या जगाला स्वातंत्र्याचे पाठ देत होता, हेही विसरू नका.

तीच गत इतरांची. स्वीडन म्हणजे समतेचे माहेरघर म्हणतात. तिथे १९३० च्या दशकापासून १९७५ पर्यंत कायद्याने हजारो माणसांची नसबंदी झाली, बहुतेक बायका, आणि त्यांतल्या कित्येकींवर ती लादलेली. आयर्लंडात 'बिघडलेल्या' मुलींना ख्रिस्ती जोगिणींच्या धोबीघरांत कोंडून फुकट राबवत. शेवटचे धोबीघर बंद व्हायला १९९६ उजाडले. स्वित्झर्लंडमध्ये बाईला देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९७१ पर्यंत थांबावे लागले, आपल्यानंतर वीस वर्षे! आणि डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्समध्ये जिझेल पेलिकोचा खटला संपला. नवरा तिला वर्षानुवर्षे गुंगीचे औषध देऊन परक्या पुरुषांना घरी बोलावत होता. नवऱ्यासह ५१ पुरुष दोषी ठरले. कोणी परिचारक, कोणी ट्रकचालक, कोणी शिपाई, कोणी लेकुरवाळा गृहस्थ. पुरुषाच्या अंगातली विकृती पारपत्र पाहून उतरत नाही.

मग फरक कुठे आहे? तो इथे आहे. फॅनी लू हेमर तोंडाला पदर लावून घरी बसली नाही. १९६२ मध्ये ती मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, म्हणून मळ्यातून हाकलली गेली. १९६४ मध्ये तिने डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात साऱ्या देशापुढे साक्ष दिली, आणि आपल्या गर्भपिशवीची गोष्टही चारचौघांत सांगितली. स्वीडनने १९९९ मध्ये भरपाईचा कायदा केला. आयर्लंडच्या पंतप्रधानाने २०१३ मध्ये संसदेत उभे राहून, आवाज दाटून येत, सरकारच्या वतीने माफी मागितली. फ्रान्समध्ये पेलिकोने नाव झाकायला नकार दिला, दरवाजे उघडे ठेवून खटला चालवा म्हणाली. लाज आरोपींच्या पदरात पडली. हे सारे उशिरा झाले, अपुरे झाले, आणि तिथल्या बायकांनी नरड्यावर पाय ठेवून करून घेतले. कोणा गोऱ्याला दया आली म्हणून झाले नाही. पण झाले. दप्तरात नोंदले गेले. आमच्याकडे १३,८६१ बायकांसाठी कोणत्या सभागृहात कोणाचा आवाज दाटून आला? आमच्याकडे पाप झाकायला संस्कृतीचा शालू असतो आणि तो अंगावरून ओढणारा देशद्रोही ठरतो.

मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बीडच्या बायकांची ही कहाणी छापली आणि कोका-कोला व पेप्सी ज्या महाराष्ट्रातल्या कारखान्यांची साखर घेतात त्यांच्याशी तिचा धागा जोडून दाखवला. लगेच इकडे कुरकुर, की गोऱ्यांचा कट आहे, देशाची बदनामी आहे. अहो, पाच वर्षे आधी, २०१९ मध्ये, 'हिंदू बिझनेसलाइन'ने हेच छापले होते; तो पेपर काय व्हाइट हाऊसमधून निघतो? आणि गोऱ्यांनाही विचारतो, ज्या बाटल्यांवर तुम्ही बाईच्या सन्मानाच्या जाहिराती करता त्यांतल्या गोडीचा हिशेब कोणी ठेवायचा? तुमच्या कंपन्या येऊन पाहणी करतात, गुळगुळीत कागदावर अहवाल काढतात, आणि साखर त्याच भावाने उचलतात. तुमची नीती बंदराशी येऊन थांबते. पण तुमच्या ढोंगाने आमचे ढोंग धुऊन निघत नाही, एवढे आम्हाला कळते.

'हे विचारच परकीय आहेत' या आरोपाचा निकाल एकदा इथल्याच गोदाकाठाने लावू या. साडेसातशे वर्षांपूर्वी चक्रधरस्वामींनी याच गोदेच्या खोऱ्यात हिंडताना बायकांना संन्यासाचा अधिकार दिला, आणि पाळीचा विटाळ मानायला नकार दिला. त्यांनी काही केंब्रिजला शिकून हे सांगितले नव्हते. गंगाखेड इथून किती लांब? तिथल्या जनाबाईने देवालाच जात्यावर बसवले; ती कोणत्या स्त्रीमुक्ती परिषदेला गेली होती? आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे! सुरतेत एका तरुण विधवेला नवजात बालकाच्या हत्येसाठी शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांच्या नीतीवर चिखलफेक चालवली, तेव्हा या बाईने १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापली आणि विचारले की जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? ती इंग्लंड आणि भारत यांची तुलना करत बसली नाही. तिने नवरा आणि बायको यांची केली. म्हणून तर ती पुस्तिका जवळजवळ शंभर वर्षे धूळ खात पडली आणि 'आपण श्रेष्ठ की ते श्रेष्ठ' ही भांडणे रोज छापून आली. देशादेशांची तुलना पुरुषांना सोयीची असते. तीत घराचे दार बंदच राहते.

त्या बंद दाराआड कायदाही शिरत नाही. नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार हा बलात्कारच आहे, असे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनाने १९९१ मध्ये सांगितले. आम्ही १ जुलै २०२४ पासून इंग्रजी दंडसंहिता पुसून न्याय संहिता आणली, गुलामीच्या खुणा मिटवल्याचे नगारे वाजवले, आणि कलम ६३ मध्ये नवऱ्याला दिलेली ती जुनी सूट उतरवून घेतली. इंग्रजाचे सगळे टाकायचे होते. हे एवढे बरोबर हाताला लागले!

ऑक्टोबर २०२३ मध्ये याच माजलगावात आरक्षणाच्या आंदोलनात आमदाराचा बंगला पेटला, नगरपरिषदेची इमारत पेटली. आग लावणे गुन्हाच, त्याचे समर्थन आम्ही तेव्हा केले नाही, आज करत नाही. पण त्या दिवसाने एक गोष्ट सिद्ध केली, की हे गाव मुर्दाड नाही. प्रश्न आपला वाटला की ते हजारोंनी रस्त्यावर उतरते. मग दर सहा जणींत एकीच्या पोटावरून सुरी फिरली तेव्हा तेवढी गर्दी तहसीलवर का दिसली नाही? कारण बाईचे पोट हा आपल्याला प्रश्न वाटतच नाही. ती घरातली भानगड वाटते.

पुढाऱ्यांकडून आम्हाला आशा नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ निघाले, भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना निघाली. वसतिगृह ही खरी गरज आहे. पोर वसतिगृहात राहिली तर तेराव्या वर्षी मंडपात उभी राहत नाही. ज्यांना खरेच संस्कृती वाचवायची आहे त्यांनी भाषणाऐवजी प्रत्येक मोठ्या गावात मुलींसाठी अशी इमारत मागावी, आणि तीत गृहपाल आहे का, पाणी आहे का, दाराला कडी आहे का, हे दर आठवड्याला जाऊन पाहावे.

आम्ही बोलतो ते माजलगाव तालुक्यातल्या ऊस उत्पादक सभासदांशी. तुमच्या भागाची किंमत तुम्ही मोजली आहे, कारखान्याचे मालक तुम्ही आहात, आणि ज्या बायका तुमचा ऊस तोडतात त्यांचा घाम तुमच्या बिलात आहे. सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा होते. एरवी तुम्ही तिथे जाता, चहा पिता, 'मंजूर, मंजूर' म्हणता आणि घरी येता. या वेळी लेखी ठराव घेऊन जा. पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा कारखान्याच्या हद्दीत कोणताही मुकादम कापणार नाही; कापला तर त्याचे कमिशन थांबेल. प्रत्येक तळावर संडास, न्हाणी आणि पाण्याची टाकी ऊस पडायच्या आधी उभी राहील, नाहीतर मोळी टाकली जाणार नाही. नवरा-बायकोची मजुरी दोन स्वतंत्र खात्यांत जमा होईल. हंगामात आठवड्यातून एकदा बाई डॉक्टर तळावर येईल, आणि तिचा खर्च संचालकांच्या गाड्यांच्या डिझेलमधून निघेल.

अध्यक्ष म्हणतील, विषयपत्रिकेवर नाही, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ. तेव्हा खाली बसू नका. आयत्या वेळचा विषय येईपर्यंत मंडप रिकामा होतो, हे त्यांना माहीत आहे. मतदान मागा, हात वर करून मागा. कोण बाजूने होते आणि कोण विरोधात, ते इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या आणि त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा. ती यादी आम्ही चौकटीत छापू, आणि त्यातला जो कोणी पुढच्या सप्ताहात नारीच्या पूजेवर बोलायला उभा राहील, त्याच्या भाषणाआधी ती मंडपात वाटू.